पुली बदलेपर्यंत

अप्पांचं जायचं ठरलं होतं, फक्त गाडी तयार व्हायची होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यानंतर ते त्यांच्या गावी, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. राहत होते म्हणजे चहा आणि बिस्किटांवर दिवस काढत होते. एकदा जिन्यात त्यांना चक्कर आली. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले, कारण हाक मारली असती तर शेजाऱ्यांना त्रास झाला असता. शेवटी शेजारीणच भाजी घेऊन वर येत होती, तिने पाहिलं आणि मला फोन केला. "बरं वाटेपर्यंत" या अटीवर मी त्यांना माझ्या घरी, म्हणजे सासरी, घेऊन आले.

आता त्यांना बरं वाटत होतं. वजन वाढलं होतं, रक्तदाब ताळ्यावर आला होता, आणि ते रोज एकदा तरी म्हणत, "आता निघायला हवं." परत गेले की पुन्हा बिस्किटं सुरू होणार हे मला दिसत होतं. पुढच्या वेळी नेमकी शेजारीण जिन्यात असेलच असं नाही, हेही दिसत होतं. मी सांगून पाहिलं. ते हसून "बघू" म्हणाले, आणि अप्पांच्या तोंडी "बघू" म्हणजे "नाही" हे मी लहानपणापासून जाणते.

आमच्या घरी त्यांना कुणी काही कमी केलं होतं असं नाही. उलट फारच केलं होतं. सासरे त्यांना "आपण" म्हणत. "व्याही, आपण आधी पेपर वाचा." "छे छे, आधी आपण." मग तो पेपर दुपारपर्यंत घडी न मोडता टीपॉयवर पडून राही. अप्पा अंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जात आणि पंखा लावायच्या आधी विचारत. सासरे एरवी घरात बनियनवर असतात, पण अप्पा आल्यापासून ते सकाळपासून शर्टाची वरची बटणंसुद्धा लावून बसत आणि घामाने निथळत. सासूबाई एकदा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "माझ्या घरात एकदम दोन नव्या सुना आल्यात बघ. एक तुझा बाप, एक माझा नवरा. तू आलीस तेव्हा इतकी लाजली नव्हतीस."

आणि त्यात गाडी बिघडली.

सासऱ्यांची गाडी छोटी, डिझेलवर चालणारी, बरीच वापरलेली. काही दिवसांपासून इंजिन चालू असताना समोरून पट्टा फडफडल्याचा आवाज यायचा आणि बंद करताना चिर्र होऊन शेवटी एक धडधड व्हायची. सासऱ्यांचं आयुष्य सायकलच्या दुकानात गेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, मला इंजिन चालू-बंद करायला लावलं आणि निदान केलं.

"फ्रीव्हील गेलंय."

"गाडीला कुठलं फ्रीव्हील, बाबा?"

"बॅटरी चार्ज करतं ना ते अल्टरनेटर, त्याच्या पुलीत असतं. उतारावर तू पॅडल मारणं थांबवलंस तरी सायकलचं चाक फिरत राहतं की नाही? तसंच. डिझेलचं इंजिन दणके देत देत फिरतं, एकसारखं नाही. दणका आला की पुली अल्टरनेटरला ढकलते, दणक्यांच्या मध्ये त्याला मोकळं सोडते. आता आतलं जाम झालंय. म्हणून प्रत्येक दणका पट्टा खातोय."

मला ते फार आवडलं. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते; गाडीच्या पोटात असं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांना आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. अप्पा दारात उभे राहून ऐकत होते. ते आयुष्यभर टर्नर होते, लेथवर आटे पाडत होते. त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की त्यांनाही काही विचारायचं असावं. पण ते म्हणाले, "मी बसने जाईन, व्याही. गाडीची घाई करू नका."

"व्याह्यांना बसने पाठवू? लोक काय म्हणतील? नवी पुली मागवलीय. ती आली की बसवू आणि मी स्वतः आपल्याला घरापर्यंत सोडेन. वाटेत घाट आहे, असा पट्टा घेऊन जाणं बरं नाही."

तर असं ठरलं. पुली आली की अप्पा जाणार. ती येऊच नये असं मला वाटत होतं. दारावर कुणी पार्सलवाला आला की मी आधी खोक्याचा आकार बघायचे.

ती आली. माझ्या तळहातात मावेल एवढी, जड, तेलकट कागदात गुंडाळलेली.

सासऱ्यांनी बॅटरीची वायर आधी सोडली, मग पट्टा उतरवला आणि अल्टरनेटर काढून थेट पुढच्या खोलीतल्या टेबलावर आणून ठेवला. खाली जुने पेपर पसरले होते, तरी सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जेवायचं टेबल आहे ते."

"जेवायच्या आत होतंय."

जुन्या पुलीची टोपी काढून त्यांनी आम्हाला दाखवलं. अल्टरनेटरच्या आतला पंखा बोटाने अडवून धरला तर पुली एका बाजूला सैल फिरायला हवी आणि दुसऱ्या बाजूला अडायला हवी. ही दोन्ही बाजूंना अडत होती. मग त्यांनी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून मागून आणलेलं हत्यार काढलं. त्याचे दोन भाग होते. बाहेरचा जाड, दातेरी. तो पुलीच्या तोंडात बसतो. त्याच्या पोटातून एक लांब बिट, म्हणजे दातेरी टोकाची सळी, जातं; ते आतल्या शाफ्टच्या टोकात बसतं. बाहेरचा भाग पान्याने धरून ठेवायचा आणि आतलं बिट फिरवायचं. पुली म्हणजे एक मोठा नट आणि शाफ्ट म्हणजे बोल्ट, एवढं मला कळलं.

"व्याही, आपण नुसतं अल्टरनेटर धरता का? घसरायला नको."

अप्पांनी टॉवेलमध्ये गुंडाळून ते धरलं. सासऱ्यांनी बिटाला पाना लावला आणि डावीकडे जोर दिला, जसा आपण कुठलाही स्क्रू सोडवताना देतो. काही हललं नाही. पुन्हा जोर दिला. मग ते आत जाऊन जुन्या सायकलच्या सीटची नळी घेऊन आले आणि ती पान्याच्या दांड्यावर चढवली, म्हणजे तरफ लांब झाली.

"गंजलंय," ते म्हणाले.

"असेल," अप्पा म्हणाले.

तेव्हा मला एक गोष्ट दिसली. टॉवेलच्या कडेला अप्पांचा अंगठा आणि पहिलं बोट बारीक हलत होतं. हवेत एखादं झाकण पकडून उजवीकडे फिरवावं, तसं. थोडं थांबायचं, पुन्हा उजवीकडे. मला वाटलं, वयाने हात कापतोय. डॉक्टरांना सांगायला हवं, असं मी मनात टिपून ठेवलं.

सासऱ्यांनी नळीवर अख्खं वजन टाकलं. टक असा लहानसा आवाज झाला आणि बिटाचं टोक तुटून पेपरवर पडलं.

सासरे तो तुकडा हातात घेऊन बघत राहिले. मागून आणलेलं हत्यार मोडणं ही सायकलवाल्याच्या दृष्टीने फार वाईट गोष्ट असते. "मी त्याला जसंच्या तसं आणून देतो म्हणालो होतो," ते म्हणाले.

"लोखंडच कच्चं असेल," अप्पा घाईने म्हणाले. "आपली काही चूक नाही."

त्या दिवशी आम्ही जमिनीवर बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी सासरे गॅरेजवाल्याला जाऊन सांगून आले. तो हसला म्हणे, पण तसलं नवीन बिट हार्डवेअरच्या दुकानात आमच्याआधी जाऊन घेऊनही आला, स्वतःसाठी एक आणि आमच्यासाठी एक. अल्टरनेटर टेबलावर तसंच बसलं होतं. अप्पांचे डोळे लाल होते. मी विचारलं तर म्हणाले, कूस बदलत होतो, काही नाही.

पुन्हा तीच मांडामांड झाली. टॉवेल, पाना, नळी. सासऱ्यांनी बिट बसवलं. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून, हातात निवडायची भाजी घेऊन उभ्या होत्या. सासऱ्यांनी दांडा डावीकडे घ्यायला सुरुवात केली आणि सासूबाई म्हणाल्या, "अप्पा, तुम्हाला काही म्हणायचंय का?"

"मला? छे."

"मग बोटं कसली फिरवताय? कालही फिरवत होतात. मी बघत होते."

अप्पांनी बोटं मुठीत घेतली. सासरे थांबले. "बोला की, व्याही."

"नाही, म्हणजे, आपलं काही चुकतंय असं नाही." अप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "पण सहज, उजवीकडे करून पाहिलं तर?"

"उजवीकडे आवळलं जाईल ना."

"हो, तेही खरंच आहे."

"आहे की नाही?"

अप्पा टॉवेल पुन्हा नीट गुंडाळू लागले. मग मीच म्हटलं, "बाबा, एकदा करून तर बघा."

सासऱ्यांनी दांडा उजवीकडे घेतला आणि हळूहळू जोर दिला. आतून कुर्र झालं, मग ढिलं पडलं. नळी काढून त्यांनी नुसत्या पान्याने फिरवलं, मग नुसत्या हाताने. पुली शाफ्टवरून सुटून त्यांच्या तळहातात आली.

त्यांनी पुलीकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"उलटे आटे आहेत?"

"आटे सरळच आहेत," अप्पा म्हणाले. मान खाली, आवाज अजून बारीक, पण वाक्य मात्र एका दमात. "आपण एरवी बोल्ट डोक्याकडून फिरवतो. इथे तो शेपटीकडून फिरवायचाय. समोरून पाहिलं की दिशा बदलते. काचेवरचं नाव आतून वाचल्यासारखं."

मी मनातल्या मनात एक बोल्ट हवेत धरला, उलट्या बाजूने पाहिला, आणि बरोबर होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"आपण पाना लावलात तेव्हा."

"आज?"

"काल."

सासरे रागावलेले मी क्वचितच पाहिलेत. ते रागावले की मोठ्याने बोलत नाहीत, उलट शब्द मोजून टाकतात.

"म्हणजे मी काल नळी लावून आवळत होतो. आणि तुम्ही धरून बसला होता."

"तुमची गाडी. तुमचं घर," अप्पा म्हणाले. "मी काय सांगायचं?"

"घर माझं, गाडी माझी, म्हणून गाढवही मीच का?"

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

"तू थांब. त्यांना बोलू दे." सासऱ्यांनी शर्टाचं वरचं बटण उघडलं, मग त्याच्या खालचंही. "तुमच्या वर्कशॉपात कुणी असं उलटं आवळत असता तर काय केलं असतं?"

"हात धरला असता."

"मग माझा का नाही धरला?"

टॉवेलची एक शिवण अप्पांनी नखाने खरवडायला घेतली. मला मध्ये पडून त्यांची बाजू घ्यावीशी वाटली, पण सासूबाईंनी भाजीची जुडी माझ्या हातात दिली आणि नजरेनेच सांगितलं, गप्प राहा.

"बरं, एक सांगा," सासरे म्हणाले. "डोळ्यांदेखत कुणी आटे खराब करतंय आणि टर्नर बघत बसलाय. अशा माणसाला रात्री झोप लागते?"

"नाही लागली," अप्पा म्हणाले.

ते इतक्या खरेपणाने म्हणाले की सासऱ्यांनी हातातली पुली खाली ठेवली. ते खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले, तेव्हा मला वाटलं, त्यांना रडू येतंय. ते हसत होते.

"रात्रभर?"

"पहाटे थोडी लागली. स्वप्नातही तुम्ही डावीकडेच फिरवत होता."

"मग उठवायचं होतं मला."

"अहो, दुसऱ्याच्या घरी..." अप्पा बोलता बोलता थांबले.

सासऱ्यांचं हसू गेलं. "अप्पा," ते म्हणाले. त्यांनी अप्पांना या नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "जिन्यात हाक मारली नाहीत ती शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. मला कळलंय सगळं, हिने सांगितलंय. शेजाऱ्यांचं ठीक आहे. पण माझ्याकडे तोंड मिटून बसायचं असेल, तर मग खरंच चला, आजच सोडतो तुम्हाला. असा पाहुणा मला झेपत नाही. या उकाड्यात शर्ट घालून घालून माझ्या अंगावर घामोळं उठलंय."

"मला माहीत आहे," अप्पा म्हणाले. "तुम्ही पाठ दाराला घासता ते मी पाहिलंय."

"तेही पाहिलंत. आणि तेही बोलला नाहीत."

अप्पांनी चष्मा काढून पुसला. मग उठले, अल्टरनेटर खिडकीजवळ नेलं आणि शाफ्टवरच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवत गेले, एकेक आटा, जसं कुणी जपून जपून पान उलटतं. मी दातांचा एक जुना ब्रश आणून दिला. त्यांनी तो हलक्या हाताने फिरवला, फुंकर मारली, पुन्हा नख फिरवलं.

"शाबूत आहेत," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीला पूर्ण पाठ टेकून बसले.

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "अप्पा, काल मुद्दाम तर गप्प नव्हता बसला? जाणं लांबावं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोर म्हणाले. "आट्यांवर? मुद्दाम? काहीतरीच काय बोलतेस, पोरी."

नवी पुली बसवायला सासऱ्यांनी घेतली. तिला शाफ्टवर टेकवून ते पान्याकडे हात नेत होते, तेवढ्यात अप्पांनी त्यांचं मनगट पकडलं. चांगलं घट्ट पकडलं.

"आधी हाताने. हाताने जाईल तेवढं हातानेच जाऊ द्या. वाकडी लागली तर पाना सांगत नाही, बोटं सांगतात."

सासऱ्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. "हळू, मालक. हे मनगट जुनं आहे, याचा पार्ट मिळत नाही."

"मग ऐका."

"ऐकतोय."

पुली हाताने गेली, मग पान्याने, आणि या वेळी कुठल्या बाजूला फिरवायचं यावर दोघांनी एकमेकांना इतक्या वेळा विचारलं की सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आता काय दिशा बघायला होकायंत्र आणून देऊ का?" अल्टरनेटर गाडीत परत गेलं. जागा अडचणीची होती. सासरे खालून बोल्ट लावत होते आणि अप्पा वरून टॉर्च धरून सूचना करत होते. थोड्याच वेळात त्या सूचना इतक्या वाढल्या की सासरे बॉनेटखालून ओरडले, "काल कुठे होतात?"

पट्टा चढवला, बॅटरी जोडली. मला चावी दिली.

इंजिन सुरू झालं. पट्टा सरळ, गुळगुळीत धावत होता. मी गाडी बंद केली. चिर्र नाही, धडधड नाही. इंजिन थांबलं आणि त्यानंतर अगदी थोडा वेळ अल्टरनेटरची मोकळी घरघर ऐकू आली, उतारावर पॅडल थांबवलेल्या सायकलसारखी. मग तीही विरली. काम उत्तम झालं होतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले, कारण आता अप्पांना थांबवायला काही निमित्त उरलं नव्हतं.

सासऱ्यांनी हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "झाली गाडी," ते म्हणाले. "घाटसुद्धा चढेल. तुम्ही म्हणाल तेव्हा निघू."

अप्पा हत्यारांच्या डब्यात काहीतरी शोधत होते. त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर काढला. "चालू कर ग परत."

मी चालू केली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिले. सासरे आणि मी त्यांच्याकडे बघत होतो.

"बेअरिंग बोलतंय," ते शेवटी म्हणाले.

"कुठलं?"

"मागचं. आज काही होणार नाही. पण इतक्यात घाटात नेऊ नका. आधी ते बदलायला पाहिजे."

सासऱ्यांनी त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतः कानाला लावला. मीही उतरून त्यांच्या बाजूला गेले. त्यांनी मूठ माझ्या कानाशी धरली. मी ऐकलं. आत एक सलग, स्वच्छ गुणगुण होती. खरखर नाही, घासणं नाही, मधेच अडखळणं नाही. माझ्या मते ते बेअरिंग पुढची बरीच वर्षं चाललं असतं.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हे तुम्ही विचारताय की सांगताय?" त्यांनी अप्पांना विचारलं.

अप्पांचे कान लाल झाले होते. "सांगतोय," ते म्हणाले.

सासऱ्यांनी पुन्हा एकदा मूठ कानाला लावली, मान हलवली. "बोलतंय खरं," ते म्हणाले. "आणि बेअरिंग मिळायला वेळ लागतो. या गाडीचं तर फारच." मग त्यांनी बॉनेट खाली घेतलं, आणि शर्ट काढून खांद्यावर टाकत घरात जाता जाता म्हणाले, "चला अप्पा, आधी ते टेबल रिकामं करू, नाहीतर आज दोघांनाही जेवायला मिळणार नाही."

"टेबल पुसायचं कशाने?" अप्पांनी विचारलं. "रॉकेल आहे का घरात? नुसत्या पाण्याने तेल जात नाही. कालच सांगणार होतो."